साहित्यसंपन्न वैमानिक

पॅरामोटर शिकू इच्छिणाऱ्या माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात : ज्यांना उडायचे असते ते, आणि ज्यांना उडण्याचे साहित्य हवे असते ते. पहिल्या वर्गात विनोदाला फारसा वाव नाही. ही माणसे शाळेत नाव घालतात, शाळेचेच साहित्य वापरतात, सांगितले तेवढे दिवस उन्हात राबतात आणि उडतात. प्रस्तुत विवेचन दुसऱ्या वर्गाचे आहे. या वर्गातील गृहस्थ साधारणतः चाळिशी ओलांडलेला, पुण्याच्या पश्चिम भागात स्वतःची सदनिका असलेला, गृहकर्ज बऱ्यापैकी फेडत आणलेला आणि सायकल, कॅमेरा व गिर्यारोहण या तिन्ही छंदांचे साहित्य माळ्यावर नीट बांधून ठेवलेला असा असतो. कामशेतच्या डोंगरावरून कोणाला तरी उडताना त्याने एका रविवारी पाहिले, की इतकी वर्षे आपल्या आयुष्यात नेमके काय कमी होते ते त्याला उमगते, आणि घरी परतण्यापूर्वीच तो किमती पाहू लागतो.

पॅरामोटर हे मुळात दोन स्वतंत्र वस्तूंचे मिळून झालेले वाहन आहे. डोक्यावर पॅराग्लायडरचा पंख असतो, म्हणजे नायलॉनच्या दोन थरांमध्ये कप्पे शिवलेली आणि पुढच्या कडेला तोंडे उघडी असलेली रचना. वाऱ्यासमोर ती ओढली की तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाला विमानाच्या पंखाचा आकार येतो. पाठीवर गोल पिंजऱ्यात बसवलेले टू-स्ट्रोक इंजिन असते, जे सुमारे सव्वा मीटर व्यासाचा पंखा फिरवून माणसाला पुढे ढकलते. वर उचलण्याचे काम मात्र पंखच करतो, आणि म्हणून इंजिन बंद पडले तरी माणूस दगडासारखा खाली येत नाही, तरंगत उतरतो. हवेने फुगणारा हा पंख अमेरिकेतील डोमिना जॅल्बर्ट या पतंगकाराने 1964 मध्ये सिद्ध केला, 1978 मध्ये फ्रान्समधील मियुसी गावच्या उतारावरून काही पॅराशूटवाल्यांनी धावत जाऊन उड्डाणे केली व त्यातून पॅराग्लायडिंग सुरू झाले, पुढच्या दशकात पाठीवर इंजिन आले, हा सारा इतिहास आपल्या गृहस्थाला मुखोद्गत असून तो कोणत्याही मुंजीत वा बारशात सांगू शकतो. श्रोत्यांत एखादा वयस्कर मामा असेल, तर 1895 मध्ये गिरगाव चौपाटीवर शिवकर बापूजी तळपदे यांनी विमान उडवल्याची कथाही तो त्याला जोडतो. या कथेला विश्वसनीय समकालीन पुरावा सापडत नाही. पण पंगत बसेपर्यंतच्या वेळात पुरावा मागण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

कामशेत परिसरातील उड्डाणांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असा असतो. पावसाळ्यात मावळात ढग जमिनीला टेकतात आणि शाळा बंद राहतात, तेव्हा पहिल्या वर्गातला माणूस हात चोळत बसतो. दुसऱ्या वर्गातल्या माणसाचा खरा हंगाम तेव्हाच भरात येतो. इंजिनांची तुलना करणारा तक्ता तो याच दिवसांत तयार करतो. इटलीत बनणाऱ्या व्हिटोराझी कंपनीच्या मॉस्टर 185 या लोकप्रिय इंजिनाची शक्ती सुमारे 25 अश्वशक्ती आणि ढकल, म्हणजे जागेवर उभे राहून मोजलेला जोर, सुमारे 75 किलो आहे. त्याच कंपनीचे 80 सीसीचे इंजिन बरेच हलके, पण जोरही तितकाच कमी. जड माणसाला अधिक ढकल लागते, अधिक ढकलीचे इंजिन जड असते, आणि त्या इंजिनाचे वजन पुन्हा त्याच माणसाला पाठीवर घेऊन पळावे लागते, हा पेच खरा आहे व त्यावर विचार करणे योग्यच आहे; मात्र तो विचार किती आठवडे करावा याला काही मर्यादा असावी. शिवाय पंख आणि इंजिन यांची पत्रिका जुळवण्याचे काम हा गृहस्थ इतक्या निष्ठेने करतो, की त्याच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी कोणी त्याच्या निम्मेही कष्ट घेतले नव्हते, असे त्याची पत्नी आल्यागेल्याला सांगते.

पंखाच्या निवडीत त्याचा स्वभाव अधिक स्पष्ट दिसतो. युरोपीय मानकानुसार पंखांच्या चाचण्या घेऊन त्यांना ए, बी, सी, डी असे वर्ग दिले जातात. ए वर्गाचा पंख नवशिक्याच्या चुका पोटात घालतो, तर डी वर्गाचा पंख वैमानिकाला चूक होण्यापूर्वीच तिचा अंदाज आलेला असेल असे धरून चालतो. सर्व प्रशिक्षक पहिल्या पंखासाठी ए, फार तर बी सुचवतात, आणि हा सल्ला इतरांसाठी उत्तम आहे असे आपल्या गृहस्थाचे प्रामाणिक मत असते. स्वतःसाठी त्याने रिफ्लेक्स पंख हेरून ठेवलेला असतो. या प्रकारात पंखाची मागची कड किंचित वर वळलेली असते. पंखाला माणसाशी जोडणाऱ्या पट्ट्यांवर ट्रिमर नावाची बक्कल असते, ती सैल सोडली की पंखाचा कोन बदलतो आणि तो वेगाने, तरीही स्थिर चालतो. मात्र त्या अवस्थेत नेहमीचा ब्रेक, म्हणजे पंखाची मागची कड खाली खेचणारी दोरी, जोराने ओढला तर पंखाचा आकारच बिघडून तो कोसळण्याचा संभव असल्यामुळे टोकांना जोडलेल्या वेगळ्या दोऱ्यांनी वळावे लागते. ज्याला अजून सरळ धावता येत नाही त्याने वेगात वळण्याच्या पद्धतींचा तुलनात्मक अभ्यास करणे ही या वर्गाची ठळक खूण मानता येईल.

वास्तविक इंजिन, पंख, हार्नेस म्हणजे बैठकीचे पट्टे, आणि राखीव पॅराशूट यांपैकी प्रत्येकाची निवड एकाच आकड्यावर अवलंबून असते, आणि तो आकडा म्हणजे वैमानिकाचे वजन. त्यात इंजिन, इंधन, पंख, शिरस्त्राण, बूट अशी सर्व भर घालून उड्डाणाचे एकूण वजन काढतात व त्यावरून पंखाचे माप ठरते. पंख फार लहान पडला तर उड्डाणाला आणि उतरायला जास्त वेग लागतो, इंजिनावर ताण येतो व पंख हाताच्या जराशा हालचालीने चमकतो. फार मोठा झाला तर तो सुस्त होतो आणि खळबळीच्या हवेत मिटण्याची शक्यता वाढते. हे सर्व आपला गृहस्थ दुसऱ्याला समजावून सांगतो. त्याच्या तक्त्यात पेट्रोलची घनता, टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण, अगदी हातमोज्यांचे वजनसुद्धा ग्रॅममध्ये नोंदलेले असते. स्वतःच्या नावासमोर मात्र तो 84 किलो हा आकडा लिहितो, जो कन्या बालवाडीत असताना झालेल्या एका आरोग्य तपासणीतून आलेला असून कन्या आता बारावीला आहे.

साहित्य घरी आल्यावर ते अंगाला बेतण्याचा टप्पा येतो. इंजिनासह हार्नेस दोन बिंदूंवर टांगून, त्यात बसून, उड्डाणात शरीर किती मागे झुकते, हात ब्रेकच्या मुठींपर्यंत पोहोचतो की नाही, धावण्याच्या स्थितीतून बैठकीत सरकता येते की नाही हे पाहावे लागते. ही चाचणी अत्यावश्यक आहे, कारण जमिनीवरून सुटल्याबरोबर नवशिका बैठकीत सरकण्यासाठी ब्रेक सोडून हाताने पट्टा ढकलू लागतो, आणि नेमक्या त्याच क्षणी दोन्ही हात ब्रेकवर असणे आवश्यक असते. सपाट छताच्या सदनिकेत हे टांगायचे कोठे, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. मराठी घरात मात्र दिवाणखान्यात झोपाळ्याच्या कड्या असतात. त्यामुळे चातुर्मासातील अनेक संध्याकाळी झोपाळा भिंतीला टेकवलेला, त्याच्या जागी शिरस्त्राण घातलेला गृहस्थ लोंबकळत असलेला, आणि त्याची आई जपमाळ घेऊन सोफ्याच्या कडेवर अवघडून बसलेली असे दृश्य दिसते. "अरे, उतरणार कधी? मला पोथी वाचायचीय," एवढेच ती माऊली विचारते. तो तिला टॉर्क समजावून सांगतो : पंखा ज्या दिशेला फिरतो त्याच्या उलट दिशेला यंत्र आणि माणूस वळू पाहतात, म्हणून टांगण्याचा एक बिंदू किंचित बाजूला घ्यावा लागतो किंवा पिंजऱ्याला तिरका पट्टा लावावा लागतो. ती ऐकून घेते. या घरात तिने पूर्वी कॅमेऱ्याच्या भिंगांविषयीही असेच ऐकून घेतलेले आहे.

बेतण्याच्या या उत्साहात एक धोक्याची गोष्टही घडते. ब्रेकच्या मुठी उंच वाटल्या की तो त्यांच्या दोऱ्या आखडून नव्याने गाठ मारतो. कारखान्याने त्या दोरीवर खूण केलेली असते ती सकारण. मूठ मोकळी असताना दोरीत थोडा झोल राहिलाच पाहिजे, अन्यथा पंखाची मागची कड सतत ओढलेली राहते, पंख मंदावतो आणि एका मर्यादेपलीकडे उडणेच सोडून देतो. पुस्तकात हे त्याने वाचलेले असते, अधोरेखितही केलेले असते. तरीही गाठ हलते.

कायद्याच्या बाबतीत हा वर्ग विलक्षण जागरूक असतो. मुंबई पोलीस सुरक्षेच्या कारणास्तव वेळोवेळी आदेश काढून ड्रोन, पॅराग्लायडर आदींच्या उड्डाणास बंदी घालतात, आणि 15 ऑगस्ट व 26 जानेवारीच्या आधी निघणाऱ्या दिल्ली पोलिसांच्या आदेशांत तर पॅरामोटरचा नावानिशी उल्लेख असतो. अशा आदेशाच्या बातमीचे कात्रण तो जपून ठेवतो, कारण ज्याच्यावर सरकारने बंदी घालावी अशी एखादी वस्तू आपल्या माळ्यावर आहे ही भावना सुखद असते. 2025 च्या फेब्रुवारीत वाई तालुक्यातील एक विद्यार्थी पसरणी घाटातली वाहतूक टाळण्यासाठी पाचगणीहून प्रशिक्षकाबरोबर पॅराग्लायडरने उडून परीक्षेला पोहोचला, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्याचे कौतुक केले. या वर्गाने पंख कोणत्या श्रेणीचा होता एवढेच विचारले.

अखेर भातकापणी उरकते आणि शाळा सुरू होते. शिक्षणाचा आरंभ इंजिनाशिवाय, नुसता पंख डोक्यावर धरण्याच्या सरावाने होतो. वारा मंद असेल तर पंख मागे पसरून पुढे धावायचे, आणि बरा असेल तर पंखाकडे तोंड करून पुढच्या पट्ट्या ओढायच्या, पंख डोक्यावर आला की गर्रकन वळायचे. या सरावाला किमती साहित्याचा उपयोग नसतो. शेतातली इंद्रायणीची धसकटे कोणत्याही कंपनीच्या दोऱ्यांत सारख्याच मायेने अडकतात. गृहस्थ पडतो, घासत जातो, दोऱ्या सोडवत बसतो, आणि प्रत्येक वेळी पंखाच्या एखाद्या गुणधर्माकडे बोट दाखवतो. पाठीवर इंजिन चढते तेव्हा तो अधिक सावध होतो, आणि हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे : पॅरामोटरमधील हाताच्या गंभीर जखमा बहुतांशी हवेत होत नाहीत, तर जमिनीवर इंजिन सुरू करताना थ्रॉटल अडकून पंखा एकदम पूर्ण वेगाने फिरल्यामुळे होतात, आणि या बाबतीत त्याचे पुस्तकी ज्ञान खरोखर कामी येते.

तरीही तो उडत नाही. चार पावले धावून बसतो, पंख पुढे झेपावतो, इंजिन ओरडते आणि शेत संपते. प्रशिक्षक दोन-तीन सकाळी हे पाहतो, मग काही न बोलता त्याला संपूर्ण साजासह गाडीत घालून गावच्या भाताच्या गिरणीवर नेतो आणि पोत्यांच्या काट्यावर उभा करतो. गिरणीवाला चष्मा वर करून आकडा वाचतो : "एकशे बेचाळीस. पोतं वजा धरायचं का?" पंखाची कमाल मर्यादा 130 किलो असते. "सर, हा पंख तुम्हाला एक माप लहान आहे," असे प्रशिक्षक अत्यंत अदबीने सांगतो, आणि गृहस्थ तितक्याच गांभीर्याने उत्तर देतो, की सकाळी दव पडल्यामुळे हार्नेस ओले झाले आहे.

पुढच्या निवांत संध्याकाळी शाळेचा एक मोठा, दोन ठिकाणी ठिगळ लावलेला, फिकट झालेला ए वर्गाचा पंख त्याला दिला जातो, आणि तो उडतो. रेडिओवरून येणाऱ्या सूचनांप्रमाणे शेताभोवती दोन फेऱ्या मारतो, थोडा कलंडत पण धडपणे उतरतो, आणि शिरस्त्राण काढता काढता ट्रिमर अर्धा इंच बाहेर असता तर अधिक बरे झाले असते असे मत नोंदवतो. घरी झोपाळा पुन्हा कड्यांना लागतो. हा माणूस हास्यास्पद असला तरी निरुपयोगी नाही, कारण भारतात जुन्या साहित्याची बाजारपेठ त्याच्यासारख्यांच्या जिवावरच चालते. मे महिन्यात त्याचा पंख विक्रीला येतो तेव्हा जाहिरातीत 'उड्डाणाचे तास : शून्य' असे लिहिलेले असते, आणि ते अक्षरशः खरे असते. घेणाऱ्याने आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, कापड उजेडासमोर धरून तपासावे, आणि ब्रेकच्या दोऱ्यांची गाठ कारखान्याच्या खुणेवर आणून घ्यावी. पहिल्या मालकाने ती हलवलेली असणारच.