हशा, टाळ्या आणि हातोडा

मुंबईत अनधिकृत बांधकामाची तक्रार करायचे अधिकृत मार्ग पुष्कळ आहेत. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज देता येतो, पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेता येतो, 1916 ला फोन लावता येतो. त्या अर्जाचं पुढे काय झालं हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं, उत्तर आलं नाही तर अपिलात जाता येतं. तोवर शेजारच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीला विटा लागतात, विटांना गिलावा लागतो, आत बारसं होतं, पुढे त्याच बाळाची मुंजही होते. अर्ज ‘कार्यवाही चालू’ या अवस्थेत सुखाने नांदत असतो.

एक मार्ग मात्र रामबाण आहे, फक्त पालिकेच्या नागरिकांच्या सनदेत तो अजून छापलेला नाही. ज्या जागेबद्दल तक्रार असेल त्या जागेच्या मालकाने, नाहीतर तिथे माईक धरलेल्या एखाद्या कलाकाराने, सत्तेवरच्या पक्षाला झोंबेल असं काहीतरी बोलायचं. बस्स. पथक दारात हजर.

ही थट्टा नाही. पुरावे दोन आहेत आणि दोन्ही एकाच वॉर्डातले, एच पश्चिम, म्हणजे वांद्रे-खार. त्या वॉर्डाला या विषयातलं आदर्श केंद्र म्हणून घोषित करायला हरकत नाही.

पहिला पुरावा सप्टेंबर 2020 चा. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यू प्रकरणावरून आधीच धुरळा उडालेला. त्यात 3 सप्टेंबरला अभिनेत्री कंगना राणावतने ट्वीट केलं, की मुंबई पाकव्याप्त काश्मीरसारखी का वाटू लागली आहे? ज्या शहराने तिला नाव दिलं, पैसा दिला आणि वर पाली हिलला बंगला दिला त्या शहराबद्दल हे उद्गार. मुंबईकर चिडला, आणि चिडायलाच हवं होतं. चिडलेल्या माणसाने चार शब्द उलट सुनवावेत, तिचा सिनेमा बघू नये. थिएटरं तेव्हा कोविडमुळे बंदच होती, म्हणजे बहिष्कार आपोआप घडत होता.

पालिकेचा राग मात्र वेगळ्या खात्याचा निघाला. तिच्या बंगल्यात फेरफार झालेत हे अचानक नजरेस आलं. महापालिका कायद्याच्या कलम 354 अ ची नोटीस लागली, मुदत चोवीस तासांची. 9 तारखेला सकाळी जेसीबी आणि हातोडे पाली हिलवर. कोविडच्या दिवसांत पाडापाडी लांबणीवर टाका असं उच्च न्यायालयाने सांगून ठेवलं होतं, रुग्णांचे आकडे रोज हजारांत होते, पालिकेची बरीचशी माणसं कोविडच्या ड्युटीवर होती. तरी मनुष्यबळाची टंचाई भासली नाही. न्यायालयाने त्याच दिवशी स्थगिती दिली, पण तोपर्यंत जे पडायचं ते पडलं होतं. दुसऱ्या दिवशी शिवसेनेचं मुखपत्र असलेल्या ‘सामना’चा मथळा होता, ‘उखाड दिया’.

27 नोव्हेंबरला निकाल आला. न्या. काथावाला आणि न्या. छागला यांच्या खंडपीठाने पालिकेची कारवाई आकसाची आणि बेकायदा ठरवली, नोटीस रद्द केली, नुकसान किती झालं हे मोजायला मूल्यमापक नेमला. तिलाही बजावलं, की बोलताना जरा तारतम्य ठेव. म्हणजे दोघांचेही कान उपटले. खर्च मात्र तिसऱ्याच्या खिशातून गेला. हा खटला लढवण्यासाठी पालिकेने एका ज्येष्ठ वकिलांना साडेब्याऐंशी लाख रुपये फी दिली, हे नंतर माहितीच्या अधिकारात बाहेर आलं. तो तिसरा म्हणजे तुम्ही आणि मी, मालमत्ता कर वेळेवर भरणारे.

आता दुसरा पुरावा. 23 मार्च 2025, रविवार. विनोदवीर कुणाल कामराने ‘नया भारत’ नावाचा कार्यक्रम यूट्यूबवर टाकला. त्यात ‘दिल तो पागल है’मधल्या एका गाण्याच्या चालीवर विडंबन होतं. नाव कुणाचं घेतलं नव्हतं. फक्त ठाणे, रिक्षा, दाढी, चष्मा आणि गुवाहाटी एवढ्याच खुणा सांगितल्या होत्या, आणि वर ‘गद्दार’ हा शब्द. विडंबन म्हणून ते बेताचंच होतं. विडंबनकार केशवकुमारांच्या महाराष्ट्रात इतक्या सैल यमकांना एरवी कुणी विचारलंही नसतं.

शब्दही नवा नव्हता. शिवसेना फुटली त्या जून 2022 पासून तो शब्द महाराष्ट्रात चहाच्या टपरीपासून विधिमंडळापर्यंत खेळत होता. ऑगस्ट 2022 च्या अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर ‘पन्नास खोके, एकदम ओके’ची आरोळी घुमली होती. आरोळी देणाऱ्यांतले कित्येक जण वर्षभरात त्याच सरकारात सामील झाले आणि ज्यांना खोके म्हणून हिणवलं त्यांच्याच शेजारी मंत्रिमंडळात बसले. त्या पायऱ्या अनधिकृत असल्याचं मात्र अद्याप कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

‘नया भारत’ जिथे रेकॉर्ड झाला त्या खारच्या ‘हॅबिटॅट’चं तसं नव्हतं. युनिकॉन्टिनेंटल हॉटेलच्या आवारातली ही छोटीशी जागा. एक रंगमंच, एक माईक, समोर दाटीवाटीने मांडलेल्या खुर्च्या. रविवारी रात्री शिंदे गटाचे शिवसैनिक आत शिरले आणि त्यांनी खुर्च्या उचलून आपटल्या, दिवे फोडले. ज्याने गाणं म्हटलं तो तिथे नव्हताच, तो तमिळनाडूत राहत होता. कार्यक्रमही तेव्हा मोबाइलच्या पडद्यावर चालू होता. पण मोबाइल फोडायचा तर स्वतःचाच फोडावा लागला असता. सोमवारी बारा जणांना अटक झाली आणि सोमवारीच जामीनही मिळाला.

रात्रपाळी संपली तशी दिवसपाळी सुरू झाली. सोमवारी पालिकेचं पथक हातोडे घेऊन तिथेच पोचलं. दोन इमारतींच्या मधल्या जागेत शेड टाकली आहे, ती तात्पुरती आहे, तिला नोटीस लागत नाही, असं पालिकेचं म्हणणं होतं. असेलही. जेमतेम चार महिन्यांपूर्वी, 13 नोव्हेंबर 2024 ला, सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरच्या न्यायाबद्दल निकाल दिला होता, की घर पाडायचं तर पंधरा दिवसांची नोटीस द्या, माणसाचं म्हणणं ऐकून घ्या. निकाल लिहिणारे न्या. भूषण गवई अमरावतीचे, म्हणजे आपलेच. पण अमरावतीहून खारला यायला गाडीला सुद्धा एक रात्र लागते.

रविवारी रात्री आलेल्यांनी फोडलं ते रागाने फोडलं आणि सोमवारी आलेल्यांनी तोडलं ते नियमाने तोडलं, दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे मी पूर्ण गांभीर्याने मान्य करतो. नगरनियोजनातल्या योगायोगांवर आपण श्रद्धा ठेवली नाही तर ठेवायची कुणी?

हॅबिटॅटने शटर खाली ओढलं. पोलिस कामराच्या मुंबईतल्या ज्या पत्त्यावर चौकशीला गेले तिथे तो दहा वर्षं राहत नव्हता, असं त्याने स्वतःच जाहीर केलं. प्रेक्षकांनाही साक्षीसाठी बोलावल्याच्या बातम्या आल्या. कुणी तिकीट काढून हसला तर त्यालाही समन्स! पूर्वी नाटकाला जाताना लोक बरोबर शाल घ्यायचे, यापुढे आधार कार्ड घ्यावं. उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी क्रियेला प्रतिक्रिया असतेच असं सांगितलं, मुख्यमंत्र्यांनी माफी मागायला सांगितलं. कामराने माफी मागितली नाही, आणि इथे सगळा कार्यक्रमच बिघडला. कारण आपल्याकडे या खेळाचे अंक ठरलेले असतात. आधी वक्तव्य, मग जोडे मारो, मग ‘माझ्या बोलण्याचा विपर्यास केला गेला’, मग हात जोडलेला व्हिडिओ, आणि शेवटी ‘आमच्यासाठी विषय संपला’. चौथा अंकच झाला नाही तर पाचव्या अंकातल्या नटांनी करायचं काय? त्याच्यावर दाखल झालेल्या गुन्ह्यात मद्रास उच्च न्यायालयाने अंतरिम अटकपूर्व जामीन दिला. एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालय म्हणालं, तपास करा, पण अटक करू नका.

आता मला ज्यात खरी गंमत वाटते तिथे येतो. दोन्ही वेळची पात्रं शेजारी शेजारी मांडून बघा.

2020 मध्ये पालिका आणि राज्य दोन्ही उद्धव ठाकरे यांच्याकडे होतं. तेव्हा विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस यांना पाली हिलची कारवाई सूडाची दिसली. 2025 मध्ये गृहखातं फडणवीसांकडे होतं तेव्हा स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे याची त्यांना आठवण झाली. 2020 मध्ये ज्यांच्या मुखपत्राला पाडकामाचा मथळा सुचला ते 2025 मध्ये म्हणाले, कामरा काही चुकीचं बोललेला नाही. आणि ज्या कामराच्या कार्यक्रमाच्या जागेवर 2025 मध्ये हातोडा पडला, त्याने 2020 मध्ये शिवसेनेचे संजय राऊत यांची मुलाखत घेतली होती, त्या मुलाखतीच्या टेबलावर खेळण्यातला जेसीबी होता. सगळे हसले होते. कंगनाबाईंनी 2025 मध्ये, आता खासदार या नात्याने, निवाडा दिला, की माझ्या बाबतीत झालं ते बेकायदा आणि याच्या बाबतीत झालं ते कायदेशीर. इतकी स्पष्टता उच्च न्यायालयालाही जमत नाही. त्याला पानंच्या पानं लिहावी लागतात.

या सगळ्यात एक माणूस मात्र दोन्ही वेळी एकाच खुर्चीवर होता, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. महापालिका ज्याच्या अखत्यारीत येतात ते नगरविकास खातं 2020 मध्ये एकनाथ शिंदे यांच्याकडे होतं. 2025 मध्येही त्यांच्याकडेच होतं. मधल्या काळात पक्ष फुटला, चिन्ह गेलं, आलं, सरकार पडलं, उभं राहिलं. खातं तेच राहिलं. धोरणातलं सातत्य यालाच म्हणत असावेत.

राष्ट्रवादीवाल्यांनी यात आपल्याला वगळलं म्हणून रुसू नये. मे 2022 मध्ये अभिनेत्री केतकी चितळेने शरद पवारांवरची एक हीन कविता फेसबुकवर टाकली. कविता तिची नव्हती, दुसऱ्याची होती. गृहखातं राष्ट्रवादीकडे होतं. तिला महिन्याहून जास्त काळ कोठडीत काढावा लागला, जागोजागी गुन्हे दाखल झाले, पोलिसांच्या समोर तिच्यावर अंडी आणि शाई फेकण्यात आली. त्या वेळी हे मुकाट बघणारे तीन वर्षांनी हॅबिटॅटच्या मोडक्या खुर्च्यांचे फोटो टाकून ‘लोकशाही धोक्यात’ असं लिहीत होते. लोकशाही होतीच धोक्यात. त्यांना निरोप उशिरा पोचला.

वाक्य काय आहे हे इथे कुणालाच बघायचं नसतं. ते कुणाला लागलं आणि तो आज कुठल्या खुर्चीवर आहे, एवढंच बघितलं जातं. आणि जनक्षोभ म्हणून जो काही दाखवला जातो त्यात जन किती असतात? पाकव्याप्त काश्मीरच्या ट्वीटवर खरोखर चिडलेला गिरगावातला माणूस जेसीबी घेऊन निघाला नव्हता. त्याच्याकडे जेसीबी नसतोच. कामराच्या गाण्यावर चिडलेले ठाण्यातले हजारो रिक्षावाले दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत गाडी लावून भाड्याची वाट बघत होते. रिक्षा चालवण्याची चेष्टा कशाला, हा त्यांचा सवाल मला रास्त वाटतो, आणि विनोदवीराने त्याचं उत्तर द्यायला हवं. पण तो प्रश्न विचारायला ते खुर्च्या उचलून गेले नाहीत.

यातला सर्वात मोठा विनोद मात्र इतिहासाचा आहे. शिवसेना जन्मली 1966 साली, आणि तिच्याआधी सहा वर्षं ‘मार्मिक’ जन्मलं होतं. बाळासाहेब ठाकरे यांचं व्यंगचित्रांचं साप्ताहिक. मंत्र्यांची नाकं, पोटं, टोप्या दर आठवड्याला तिथे लांबत, फुगत आणि वाकड्या होत. एका व्यंगचित्रकाराने कुंचल्याच्या जोरावर पक्ष उभा केल्याचं दुसरं उदाहरण निदान मला माहीत नाही. त्या पक्षाच्या आज दोन शाखा आहेत, दोघीही वारसा सांगतात, आणि दोघींच्या काळात थट्टेला उत्तर म्हणून गेला तो हातोडा. तसा मूळ घरातही थट्टा सोसायचा रिवाज नव्हताच म्हणा. पु. ल. देशपांडे यांना ‘महाराष्ट्र भूषण’ दिला, ते ठोकशाहीबद्दल दोन शब्द बोलले, आणि झक मारली नि पुरस्कार दिला असा अहेर त्यांना घरपोच मिळाला. पण तो शब्दांचा होता. पुलंच्या गॅलरीचं माप घ्यायला कुणी टेप घेऊन गेलं नव्हतं.

असो. तक्रार करत बसण्यापेक्षा पालिका आयुक्तांना विधायक सूचना करतो. एच पश्चिमचा प्रयोग दोनदा यशस्वी झाला आहे, तो आता इतर वॉर्डांत न्यावा. कुर्ला, मालवणी, गोवंडी, जिथे जिथे मजल्यावर मजले चढले आहेत आणि अर्जांवर धूळ, तिथे पालिकेने दर शनिवारी एका विनोदवीराचा कार्यक्रम ठेवावा. मानधनाची चिंता नको, साडेब्याऐंशी लाखांत बरेच शनिवार निघतील. कलाकाराने इमारतीचा पत्ता मोठ्याने सांगावा आणि एक राजकीय विनोद करावा. फक्त त्या सकाळी मंत्रालयात फोन करून एकदा खात्री करून घ्यावी, की सरकार अजून कालचंच आहे ना.