आधी कोणी सुधारायचं?

नव्या फुटबॉल मोसमात कोणत्या खेळाडूंनी सुधारायला हवं, याची यादी दौंड जंक्शनवर चहा हातात येण्याआधीच तयार असते. मँचेस्टर युनायटेडचा बचाव म्हणजे गाळलेली जागा, आर्सेनलचा स्ट्रायकर नुसता देखणा. शिरूरच्या एसटी स्टँडवरही निकाल हाच, चर्चा जरा लांब. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे गाडी चुकायची भीतीही नाही.

आणि आपला संघ? होता की! एफसी पुणे सिटी, २०१४ पासून बालेवाडीत. मार्च २०१८ मध्ये इंडियन सुपर लीगची (आयएसएल) उपांत्य फेरी गाठली. पुण्यात ०-०, मग बंगळुरूत त्यांच्या सुनील छेत्रीने एकट्याने तीन गोल ठोकले आणि कार्यक्रम आटोपला. बचावफळी सुधारेपर्यंत मालकांनीच गाशा गुंडाळला. २०१९ मध्ये पुण्याची जागा हैदराबादला गेली. तिथे २०२२ मध्ये आयएसएलचं विजेतेपद (पुण्यात पाणी कमी पडत होतं बहुतेक), आणि २०२५ मध्ये बिऱ्हाड दिल्लीला. दौंडहून एक मार्ग सोलापूरवरून हैदराबादकडे जातो, दुसरा मनमाडवरून दिल्लीकडे. संघाने निदान रस्ते तरी आमच्याच जंक्शनचे निवडले!

तेव्हा यादी वरून सुरू करा: आधी मालक, मग फुटबॉल महासंघ. महासंघाच्या कराराच्या घोळात २०२५-२६ चा आयएसएल मोसम डिसेंबर उजाडला तरी सुरू झाला नव्हता. डावा बचावपटू संथ आहे, कबूल. पण त्याला पळायला आधी सामना तरी द्या.