कुणाच्यातलं तुम्ही?

तासगावच्या एसटी स्टँडवर उतरलेल्या परक्या माणसाला पहिला प्रश्न येतो, "पाव्हणं, गाव कंचं?" दुसरा प्रश्न तोंडानं कुणी विचारत नाही. चहा कुठल्या टपरीवर घेता, लग्नात कुणाच्या गाडीतून उतरता, चौकातल्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकाकडे बघून मान कशी हलवता, एवढ्यावरून लोक उत्तर परस्पर काढून घेतात. माणूस आबा गटाचा की काका गटाचा?

बाहेरच्याला वाटतं, हा पक्षांचा मामला असेल. पण पक्ष आमच्याकडे सदऱ्यासारखा, मळला की बदलावा. गट मात्र अंगाचाच. आर. आर. आबा पाटलांना जाऊन (फेब्रुवारी 2015) इतकी वर्षं झाली, तरी आबा गट जागच्या जागी आहे. संजयकाका पाटील राष्ट्रवादीतून भाजपचे खासदार झाले, पुढे अजितदादांच्या राष्ट्रवादीत आले आणि काका गट मागोमाग सगळीकडे जाऊन आला. 2024 च्या विधानसभेला तर दोन्ही गट राष्ट्रवादीच्याच दोन फांद्यांवरून भिडले. एकीकडं तुतारी, दुसरीकडं घड्याळ. या लढतीत विचारसरणीतला फरक शोधत कुणी पार वायफळ्यापर्यंत गेला असता, तरी हात हलवत परत आला असता.

यावर हसायला सोपं आहे. पण रात्री अडीच वाजता म्हाताऱ्याला मिरजेच्या दवाखान्यात हलवायचं असतं, तेव्हा गाडी गटाचीच येते. द्राक्षबागेवर गारा पडल्या की पंचनाम्यासाठी तलाठ्यामागं लागणारा, पोरीच्या स्थळाची आतून चौकशी करून आणणारा, मयताला न बोलावता येणारा, सगळे गटातले. तटस्थ माणसाला लग्नपत्रिका दोन्हीकडून येतात, पण अडीच वाजता फोन कुणाला करायचा हे त्याला ठरवता येत नाही. शिवाय दोन्हीकडच्यांना खात्री असते की हा आतून त्यांचा आहे.

गटाची ही खोड काही एकट्या तासगावची नाही. 1970 च्या सुमारास इंग्लंडात ब्रिस्टलला हेन्री ताजफेल नावाच्या मानसशास्त्रज्ञानं शाळकरी मुलांना चित्रं दाखवली आणि सांगितलं, तुमच्यातले काही क्ले या चित्रकाराचे चाहते, काही कांदिन्स्कीचे. खरं तर वाटणी नुसती चिठ्ठ्या उचलल्यासारखी होती आणि आपल्या गटात कोण आहे हेही पोरांना ठाऊक नव्हतं. तरीही पैसे वाटायची वेळ आली तेव्हा पोरं आपल्याकडच्यांना झुकतं माप देऊ लागली. नवल पुढंच आहे. आपल्याकडच्यांना थोडं कमी मिळालं तरी चालेल, पण समोरच्यांपेक्षा जास्त पाहिजे, असा त्यांचा कल दिसला. ताजफेल हा पोलंडमधला ज्यू, महायुद्धात जर्मनांच्या कैदेत राहिलेला. सुटून आला तेव्हा घरची बहुतेक माणसं मारली गेली होती. त्याला हा प्रश्न का पडला असेल, ते विचारायला नको.

मात्र चित्रांचा खर्च वाचला असता. आमच्याकडची एखादी ग्रामसभा त्यानं बघायला हवी होती. "गटार आमच्या गल्लीत नाही आलं तरी चालंल, पण त्यांच्या गल्लीत आधी जायला नको," हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय, आणि बोलणाऱ्याच्या दारात तेव्हा घोटाभर पाणी साचलेलं होतं. असली भांडणं मिटवायचा प्रयत्नही झाला. आबा आमच्या तालुक्यातल्या अंजनीचे. गृहमंत्री असताना 2007 साली त्यांनी तंटामुक्त गाव मोहीम आणली. गावातली भांडणं गावातच मिटवायची, कल्पना झकास. मग गावोगाव समित्या आल्या, समितीला अध्यक्ष आला, आणि अध्यक्ष कुणाच्यातला यावरून कितीतरी गावांत नवा तंटा उभा राहिला.

पण गटाची हीच खोड 3 सप्टेंबर 1942 ला कामाला आली. त्या दिवशी तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला आणि मामलेदारांच्या डोक्यावर गांधी टोपी चढली. एकट्यानं कुणी साहेबापुढं टोपी धरली असती का? घोळक्यात माणूस स्वतःपेक्षा मोठा होतो. शहाणा होतो की वेडा, ते घोळका ठरवतो.

ऋषिपंचमीला परशुरामभाऊ पटवर्धनांच्या गणपतीचा रथ निघतो, तेव्हा दोराला हात लावताना तुमचा गट कुणी विचारत नाही. गुलालानं तोंडच ओळखू येत नाही, हेही एक कारण असावं. तिथं सगळे तासगावकर. म्हणजे गट मोडला असं नव्हे, मोठा झाला, कारण लगेच शेजारचा कुणीतरी सांगतो, "सांगलीचं देऊळ मागनं झालं, आमचं आधीचं!"

तालुका सोडला की मग तर गंमतच. पुण्यात एखाद्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये दोन तासगावकर भेटतात. बोलण्यातला हेल कानावर पडतो, दोघांचे चेहरे खुलतात. घरी नेणं होतं, बेदाण्याची पुडी निघते. यंदा छाटणी कधी धरली, कवठे एकंदला दसऱ्याचं दारूकाम बघायला कोण कोण जाणार, सगळं विचारून होतं. मग क्षणभर गप्प बसून एकजण हळूच म्हणतो, "तुमी... काका गटाचं जणू?"

"व्हय. तुमी?"

"आमी आबांचं."

आणि दोघंही पुढं सरकून बसतात. पुण्यात इतकी वर्षं काढली, पण ज्याच्याशी मनासारखं भांडावं असा माणूस आज पहिल्यांदा भेटलेला असतो.