सबस्क्राइबवाले काका

सोसायटीतले चॅनेलवाले काका भेटले की ‘कसं काय?’ विचारत नाहीत. ‘फोन उघडा जरा,’ म्हणतात. आपण गोंधळून लॉक काढेपर्यंत आपल्याच बोटाने सबस्क्राइबचं बटण दाबलेलं असतं. बारसं, मुंज, साखरपुडा काहीही असो. काका अक्षता एका हाताने टाकतात, दुसऱ्या हाताने शेजाऱ्याचा मोबाइल धरतात.

चॅनेलचा विषय विचारला तर ‘लाइफस्टाइल’ असं उत्तर मिळतं. म्हणजे सोमवारी कर्नाळा किल्ला, बुधवारी कारल्याची भाजी आणि शुक्रवारी मोबाइलवरून वीजबिल भरायची पद्धत.

काका पाटबंधारे खात्याच्या लेखा शाखेतून निवृत्त झाले, त्यामुळे हिशेब तोंडपाठ. जाहिरातीच्या पैशांत वाटा हवा तर 1,000 सबस्क्रायबर आणि शेवटच्या 12 महिन्यांत 4,000 तासांचा वॉच टाइम लागतो. 4,000 तास म्हणजे 2,40,000 मिनिटं. नवे तास पुढून येतात तसे जुने मागून गळतात. 2017 साली नुसते 10,000 व्ह्यूज पुरत होते. जानेवारी 2018 मध्ये नियम बदलला. हा अन्याय काका ज्या आवाजात सांगतात, त्या आवाजात पूर्वी लोक कूळकायद्यात गेलेल्या जमिनीबद्दल बोलत.

थंबनेलवर काका आ वासून, दोन्ही गाल धरून उभे. बाजूला लाल बाण आणि मजकूर : ‘हे पाहून तुमच्याही डोळ्यांत पाणी येईल!’ आत कांदाभजी.

भाच्याने सुचवलं, ‘मामा, थोडक्यात आटपा. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, 2005 सालचा, 19 सेकंदांचा होता.’ तेवढ्यात काकांचा चष्माही पुसून होत नाही. ‘नमस्कार मंडळी’नंतर ते हवापाणी, गुडघा आणि कालच्या लाइट जाण्याचा विषय घेतात, मग कारलं.

रात्री घरातले सगळे मोबाइल ओट्यावर रांगेत ठेवून, आवाज बंद करून काकांचेच व्हिडिओ चालू असतात. असा बनावट वॉच टाइम यूट्यूब वजा करतं, हे भाच्याने सांगताच काका चिडले. ‘घरच्या माणसांनी पाहिलं तर बनावट कसं?’

‘पाहतंय कोण?’ काकू आतून म्हणाल्या.

अखेर भाच्याने कारल्याच्या व्हिडिओचा आलेख उघडला. लोक नेमके कुठे उठून जातात ते त्यात दिसतं. रेघ गुडघ्यापाशीच कोसळली होती. पण सातव्या मिनिटाला एक टेकाड! तेवढाच भाग लोक मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहत होते. तिथे कढईतून धूर निघत होता, काका कॅमेऱ्याकडे बघून ‘शेअर करा’ म्हणत होते आणि पडद्याबाहेरून काकू ओरडत होत्या, ‘अहो, गॅस बंद करा! भाजी लागली!’

काकांनी त्याच संध्याकाळी काकूंना समोर बसवलं. ‘अगं, दर व्हिडिओत थोडं थोडं ओरडशील का? लोकांना तुझं बोलणं ऐकायचंय.’

काकूंनी विळी बाजूला ठेवली. ‘लग्न झाल्यापासून बोलतेय मी. त्या सगळ्या तासांचं काय झालं?’

काका हिशेबाला पक्के. म्हणाले, ‘12 महिन्यांच्या आधीचे धरत नाहीत.’