अळीपुराण

"काय गं, तोंड काहून उतरलं?"

"काय सांगू काकू! पोरगं म्हणते, एमएस्सीला कीटकशास्त्र घेतो. अकोल्याला, पंजाबराव कृषी विद्यापीठात. साऱ्या प्रताप नगरची पोरं इंजिनियर होऊन पुण्याला चालली, अन् हा किडे मोजत बसणार!"

"मोजू दे की. मीही जन्मभर कॉलेजात पोरांना झुरळं कापायलाच लावली ना? अन् आपल्या नागपुरात वर्धा रोडवर पांजरीला ती कापूस संशोधन संस्था आहे, 1976 पासूनची. तिथं केशव क्रांती म्हणून शास्त्रज्ञ होते, पुढे संचालक झाले. त्यांचं निम्मं आयुष्य अळीच्या पोटात गेलं म्हण ना."

"म्हणजे?"

"कोणत्या औषधाला कोणती अळी दाद देत नाही, अन् का देत नाही, याचाच शोध. कापसाच्या पाच मोठ्या किडींवरचा त्यांचा पेपर 2002 चा. त्यासाठी अळ्या पाळाव्या लागतात बाई. हरभऱ्याच्या पिठाचं खाद्य करून घालतात. हिरवी बोंडअळी तर एकेकटी ठेवावी लागते, नाही तर एकमेकींना खातात."

"आम्हा जावांनाही तसंच ठेवायला पाहिजे होतं."

"ऐक तर. त्याच 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जनुक कपाशीत घातलेला. अळीनं पान कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्याला चिकटतं अन् भोकं पाडतं. आपल्या पोटात त्याला चिकटायला जागाच नाही, म्हणून आपल्याला काही होत नाही. मग बाजारात बोगस बीटी आलं. तेव्हा या संस्थेतल्या लोकांनी ओळखायची पट्टी काढली. पान चेचायचं, पट्टी बुडवायची, रेघा बघायच्या. दिवस गेले का पाहतात ना, तस्संच!"

"अगं बाई! मग तरी गुलाबी अळी आलीच ना? तुमच्या यवतमाळच्या भावाचं शेत गेलं होतं म्हणे."

"2017 ला. बोंड दिसायला टपोरं, फोडलं की आत सडकं. पण दोष एकट्या अळीला देऊ नको. बियाण्याच्या पिशवीत 120 ग्रॅमचं साध्या कपाशीचं वेगळं पाकीट यायचं. ते कडेनं पेरायचं. तिथं साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग बीटीतून वाचलेल्या दांडग्या पतंगांशी जुळतात, अन् पुढची पिढी पुन्हा बीटीनं मरते. भाऊ म्हणे, पैसे देऊन घरी अळ्या पाळू काय? दिलं बांधावर फेकून. सगळ्या गावानं तेच केलं."

"मला तरी कुठं पटलं असतं!"

"अन् वरून फरदड! डिसेंबरात पऱ्हाटी उपटा म्हणून संस्था घसा कोरडा करून राहिली, यांची मार्चपर्यंत उभी. गुलाबी अळीला हिंडायला दुसरी पिकं फारशी नाहीत, कपाशी हेच तिचं घर. थंडीत ती दोन सरक्या एकमेकींना विणते अन् आत झोपून जाते. तिला मार्चपर्यंत खाऊ घातलं की पुढच्या हंगामात हजर. गुजरातेत 2010 लाच एका जनुकाचं बीटी तिनं पचवलेलं, ते खुद्द बीटीवाल्या कंपनीनं सांगितलं. दोन जनुकांचं आलं, तेही पचवलं."

"मग त्या क्रांती साहेबांचं ऐकलं का कोणी?"

"ते म्हणत, ही लांब मुदतीची संकरित वाणं सोडा, कमी दिवसांचं सरळ वाण दाट पेरा, अळीचा जोर व्हायच्या आत कापूस घरात. सरळ वाणाचं बी शेतकरी घरी राखू शकतो. मग दरवर्षी विकणार कोण अन् काय? 2017 ला ते वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कापूस समितीत गेले. 2020 ला ग्लेन स्टोन नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञासोबत 'नेचर प्लांट्स'मध्ये लेख लिहिला: बीटीच्या नावावर खपवलेल्या उत्पन्नवाढीत खताचा वाटा मोठा, अन् शेतकरी आता बीटीच्या आधीपेक्षा जास्त पैसा फवारणीवर घालतो. मला विचारशील तर हे मांडायला छाती लागते. बीटीचं सुरुवातीचं कौतुकही त्यांच्याच जुन्या संस्थेनं पाहिलेलं."

"अन् भाऊ काय करून राहिला आता?"

"कामगंध सापळे लावून बसला आहे! मादीचा वास ठेवलेला असतो, नर आपले धावत येतात."

"पुरुषांचं काही खरं नाही."

"तीन रात्री सलग, सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारायचं. रोज सकाळी मोजून मला फोन करते. किडे मोजायला हसत होता तोच! तुझ्या पोराचा नंबर मागत होता, देऊ का?"

"द्या. पण काकू, लग्नाच्या बायोडाटात काय लिहायचं हो?"

"शास्त्रज्ञ लिही. अळ्यांचं साखरपुडा झाल्यावर सांगू."