पाढे विचारणारे आजोबा

दुसरी-तिसरीतले मूल दृष्टीस पडताच ज्यांच्या तोंडी नाव-गाव विचारण्याआधीच ‘सात आठे किती?’ हा प्रश्न येतो, त्या ज्येष्ठ गृहस्थांचा मराठी समाजात एक स्वतंत्र वर्गच मानावा लागतो. हे आजोबा सख्खेच असावेत असा नियम नसून शेजारचे, लग्नघरातले किंवा रेल्वेत समोरच्या बाकावर बसलेलेही चालतात.

या वर्गाची जडणघडण परवच्यात झालेली असते. परवचा म्हणजे दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर मोठ्याने म्हणायची उजळणी; तीत तीसपर्यंतच्या पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे आणि औटकी, म्हणजे साडेतीनपटीचा पाढा, हेही येत. रुपयाचे सोळा आणे आणि मणाचे चाळीस शेर होते, तोवर बाजारहाटाला या पाढ्यांचा मोठा आधार होता. पुढे १९५७ साली दशमान नाणी आली, मागोमाग किलोही आला, तरी औटकी न येणाऱ्या पिढीला भाजीवाला हमखास फसवणार, ही आजोबांची चिंता कायम राहिली. भाजीचे पैसे मात्र ते नातवाकडूनच मोबाइलवर भरून घेतात.

पाढा जितका भरधाव म्हटला जाईल तितका तो पक्का, असे त्यांचे परीक्षाशास्त्र सांगते. वस्तुतः ओळीने म्हटलेल्या पाढ्यात मागची ओळ पुढचीला ओढून आणते, त्यामुळे मधलाच गुणाकार विचारला की मूल मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून निघते आणि आजोबा ‘पाठ नाही!’ असा निकाल देऊन मोकळे होतात. त्यावर एखाद्या धीट नातीने ‘आठ साती किती?’ असे उलट विचारलेच, तर आजोबा डोळे मिटतात, ओठ हलवतात आणि छप्पन्नपर्यंत पोचल्यावर, आपण गुरुजींचे स्मरण करीत होतो, असे सांगतात.

खरे तर सात आठे आणि आठ साती हा एकच गुणाकार होय. एक आणि दहाचे पाढे सोपे म्हणून वगळले, तर दोन ते नऊमधले ६४ गुणाकार उरतात आणि उलटसुलट जोड्या एकच धरल्या की प्रत्यक्षात पाठ करायचे केवळ ३६ राहतात. ते रोज थोडे थोडे, क्रम मोडून आणि खेळीमेळीने विचारावेत. पाहुण्यांदेखत विचारू नयेत, आणि विचारायचेच झाले तर उत्तर आधी स्वतःला येते याची खात्री करून घ्यावी.