पावतीवरचा दिवा

मार्च लागला की आमच्या गावात दोन गोष्टी हमखास येतात. आंब्याला कैऱ्या आणि दाराशी ग्रामपंचायतीचा शिपाई. कैऱ्यांचा अलीकडे भरवसा राहिलेला नाही, शिपायाचा आहे. तो येतो, पडवीतल्या झोपाळ्यावर टेकतो, तांब्याभर पाणी पितो आणि पाणी पिऊन झाल्यावर पाणीपट्टी मागतो.

यंदा त्याने वही उघडली आणि म्हणाला, "मागची धरून तीन वर्षं झाली, काका."

मी चष्मा लावून बिल वाचायला घेतलं. घरपट्टी, पाणीपट्टी, सामान्य आरोग्य कर, दिवाबत्ती कर. दिवाबत्तीवर माझं बोट थांबलं. आमच्या फाटकासमोर एक खांब आहे. निसर्ग वादळात तो वाकला आणि तसाच राहिला. त्यावरचा दिवा मात्र परवाच्या गणपतीपर्यंत इमानाने जळत होता. विसर्जनाच्या रात्री तोही गेला.

"दिव्याचे पैसे मागतोस, मग दिवा कुठाय?"

"दिवा खांबावर आहे, काका. पेटत नाही ती गोष्ट वेगळी."

त्या चाळीस-पन्नास रुपयांवरून आमची अर्धा तास जुंपली. मी लोकशाही, नागरिकाचे हक्क आणि माझे वडील सरपंचांच्या वर्गात होते इथवर गेलो. शेवटी तो पुन्हा येतो म्हणून उठला आणि मी विजयी मुद्रेने दुकानात जाऊन साबण, खोबरेल आणि बिस्किटाचे दोन पुडे घेऊन आलो. तिथे मी कोणाशी भांडलो नाही. २०२५ च्या सप्टेंबरात बिस्किटावरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ वर आला, तेव्हा पेपरात वाचून मला कळलं की इतकी वर्षं मी चहात बुडवून १८ टक्के खात होतो. त्यातला अर्धा दिल्लीचा, अर्धा मुंबईचा. दिल्लीचा शिपाई असा पुड्यात बसून येतो. त्याला झोपाळा लागत नाही, पाणी विचारावं लागत नाही, आणि 'तुझा दिवा कुठाय' असं विचारायला तो समोर नसतो. जो जवळ आहे आणि ज्याच्या खिशात सगळ्यात कमी आहे, तोच आमच्या शिव्या खातो.

दिल्लीला गेलेला रुपया परत येतो का, हा आपल्याकडे चहाच्या टपरीवरचा आवडता विषय. येतो, पण वाटेत त्याचे पुष्कळ पाहुणचार होतात. राज्यघटनेच्या २८० व्या कलमाप्रमाणे दर पाच वर्षांनी वित्त आयोग बसतो आणि केंद्राच्या करांतलं किती राज्यांना द्यायचं, ते सुचवतो. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी ठरवलं की वाटायच्या शंभर रुपयांतले ४१ राज्यांचे. त्या ४१ मध्ये महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. मी पेन्सिल घेऊन हिशेब केला, तर शंभरातले दोन रुपये एकोणसाठ पैसे आले. उपकर आणि अधिभार तर या शंभरात धरतच नाहीत. ते वेगळ्या कनवटीला.

हा आकडा ऐकून टपरीवर प्रत्येकाचं रक्त उसळतं. माझंही उसळलं. मग घरी येऊन पंख्याखाली बसल्यावर थोडं निवलं. कारण वाटपाच्या त्या सूत्रात शंभरातले ४५ गुण एका गोष्टीला होते : ज्या राज्याचं दरडोई उत्पन्न कमी, त्याला जास्त. आई जेवायला वाढताना अशक्त मुलाच्या भातावर तुपाची धार जास्त सोडते, आणि धडधाकट मुलगा ताटाकडे बघून कुरकुरतो, तसलं हे.

आणि खरं सांगायचं, तर वित्त आयोग कोकणाला नवा नाही. तो आमच्या घराघरांत बसलेला असे. मुंबईचा चाकरमानी मनीऑर्डर पाठवी. पोस्टमन ती पडवीत बसून मोजून देई. मग आजोबा ठरवत, यातलं कौलांना किती, धाकट्याच्या फीला किती, विधवा आत्येच्या औषधाला किती. चाकरमानी गणपतीला आला की पहिल्या दिवशी आरती आणि दुसऱ्या दिवशी हिशेब : "मी एवढे पाठवतो, आणि धाकटा नुसता झोपाळ्यावर बसून असतो." आजोबा पानाला चुना लावत ऐकून घेत. त्या काळात मी धाकटा होतो, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. मुंबई दिल्लीच्या नावाने बोटं मोडते तेव्हा मीही मोडतो. पण त्याच मुंबईच्या करावर आमच्या तालुक्याचे रस्ते होतात, हा विषय निघाला की मी पान लावायला घेतो.

वाटपाचं हे कसब तर आमच्या श्रीवर्धनच्याच एका गृहस्थाने दाखवलं होतं. बाळाजी विश्वनाथ भट, पहिले भट पेशवे. तिथे त्यांचं स्मारक आहे. उमेदवारीत त्यांनी चिपळूणकडे मिठागरावर कारकुनी केली, असं सांगतात. हा मिठाचा कारकून १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा घेऊन आला. पण सनद आणणं सोपं, वाटणी अवघड. चौथाईच्या शंभरातले २५ राजाची बाबती, ६ पंत सचिवांचा सहोत्रा, ३ नाडगौडा आणि उरलेले ६६ सरदारांचा मोकासा. पंत सचिवांचा सहोत्रा सहा टक्के, आणि तीनशे वर्षांनी अख्ख्या महाराष्ट्राचा वाटा सहा पूर्णांक काहीतरी टक्के! फरक एवढाच की तेव्हा गोळा करणाऱ्याच्या हातात ६६ राहत होते. त्याचं पुढे काय झालं, सरदार किती मोठे झाले आणि साताऱ्याची गादी किती लहान, हे इतिहासात आहे. मधलं सरकार दुबळं झालं तर काय होतं, तेही आपण एकदा करून बघितलंय.

कराची बाजू घेणारे लोक कालिदासाचा आधार घेतात. रघुवंशात दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा आहे : सूर्य पृथ्वीवरचं पाणी शोषतो ते हजार पटीने परत देण्यासाठी. अर्थसंकल्पाच्या भाषणांना ही उपमा फार मानवते. कालिदासाने आमचा किनारा बघितलेला नसावा. इथे सूर्य पाणी नेतो आणि मागे मीठ ठेवतो. पेण-उरणच्या मिठागरांत हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. सूर्याने फुकट ठेवलेल्या त्या मिठावर इंग्रजांनी कर बसवला आणि तो १९४७ साली उठला. आज मिठावर जीएसटी शून्य आहे. सूर्याचं दुसरं काम आमच्या अंगणात चालतं. ओल्या सुपारीला जीएसटी नाही, पण तीच अंगणात उन्हात वाळली की तिच्यावर ५ टक्के. म्हणजे श्रीवर्धनची रोठा सुपारी वाळवताना सूर्य पाणी तर नेतोच, वर कर लावून जातो.

आणि हजार पटीने परत? तेही एकदा मिळालं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि दोन-तीन तासांत वाड्या झोपवून पुढे गेलं. आमच्या वाडीत दहा गुंठ्यांत आजोबांच्या हातच्या पोफळी होत्या. संध्याकाळी वारा थांबल्यावर बाहेर आलो तर इतका उजेड की डोळे दिपले. त्या जागेवर पहिल्यांदाच थेट आभाळ दिसत होतं. पोफळी एकमेकींच्या अंगावर पडल्या होत्या, सांडलेल्या काड्यापेटीसारख्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला सहा-आठ वर्षं जातात. आमचा सुपारी उतरवणारा पाडेली वाडीच्या कडेला उभा राहिला आणि म्हणाला, "आता मी चढू कशावर?"

मग पंचनामे आले. आपत्तीच्या मदतनिधीत केंद्राचे ७५ आणि राज्याचे २५, असा वाटा असतो. त्या निधीचा दर फळबागांना हेक्टरी १८ हजार होता. राज्याने आपल्या पदरचे घालून तो ५० हजार केला. पेपरात आकडा भरघोस दिसला. पण आमच्याकडे हेक्टर कोणाकडे असतो? कोकणात जमीन गुंठ्यात मोजतात आणि भावाभावांत वाटून झाली की झाडात. 'ह्या पाटापासून सात पोफळी आणि विहिरीजवळचा माड तुझा', असे आमचे वाटणीपत्रातले शब्द. दहा गुंठ्यांना हेक्टराच्या दराने काढलं, तर ५० हजारांतले पाच हजार येतात. जुन्या दराने जेमतेम अठराशे. तेवढ्यात पडलेल्या पोफळी उचलायची मजुरीही सुटत नव्हती.

मला तेव्हा माडीची आठवण झाली. पिण्याची नव्हे, कराची. इंग्रजांच्या अबकारी खात्याने माडी काढायच्या माडावर झाडागणिक कर बसवला होता. झाडं मोजून, त्यांवर खुणा करून. तेव्हा कोणी माडी काढणाऱ्या भंडाऱ्याला म्हणालं नाही, की 'बाबा, तुझे माड हेक्टरी किती भरतात?' घेताना सरकारला झाड दिसतं, देताना एकदम क्षितिज दिसतं. लोकांनी बरीच ओरड केली आणि त्याच वर्षी राज्याने झाडावर मदत द्यायचं ठरवलं : माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. फार नाहीत, कबूल. पण सरकार पहिल्यांदाच वाडीत येऊन आजोबांची पोफळ एक-एक करून मोजत होतं. तलाठ्याबरोबर मीही मोजत फिरलो. मधे त्याचा आकडा चुकला तर पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला त्याचा राग आला नाही.

हे सगळं आठवण्याचं कारण, शिपाई दहा दिवसांनी पुन्हा आला. या वेळी मी ग्रामपंचायतीतच जाऊन ग्रामसेवकांना विचारलं, "वित्त आयोगाचा निधी थेट गावाला येतो म्हणतात. त्यातून एक दिवा येत नाही?"

ते म्हणाले, "काका, त्यातले ६० टक्के बंधित. पाणी आणि स्वच्छता, बस. उरलेले अबंधित आहेत, पण ते आराखड्यात धरलेल्या कामाला. दिवा गेला, वायर तुटली, ही कामं स्वनिधीतून."

"मग स्वनिधीतून करा."

"स्वनिधी म्हणजे तुमची घरपट्टी, काका."

कचेरीतल्या भिंतीवर थकबाकीदारांची यादी लावलेली होती. माझ्या डोक्यावर दिल्लीपासून तालुक्यापर्यंत चार सरकारं आहेत आणि खांबावरचा दिवा मी अडवला होता. मी गुपचूप तीन वर्षांचे पैसे दंडासकट भरले. पावती घडी करून खिशात ठेवली आणि घरी आल्यावर देवाच्या फोटोमागे.

चौथ्या दिवशी दिवा लागला. पण निसर्गने खांब वाकवून ठेवलेला. त्यामुळे उजेड आमच्या फाटकाला नुसता शिवून जातो आणि सगळाच्या सगळा शेजारच्या काकूंच्या अंगणात पडतो. काकूंचं नाव थकबाकीच्या त्या यादीत माझ्या नावाच्या बरंच वर होतं आणि अजून आहे. आता त्या रोज रात्री जेवणं झाल्यावर पाट मांडून त्या उजेडात सुपारी सोलत बसतात. मी झोपाळ्यावर अंधारात बसून बघत असतो. शंभरातले दोन रुपये एकोणसाठ पैसे म्हणजे काय, ते आता मला पेन्सिलीशिवाय कळतं.

काल त्यांनी कुंपणावरून हाक मारली. "भावोजी, पंचायतीत ओळख आहे ना तुमची? जरा सांगा त्यांना. उजेड कमी पडतो हो."